नऊ जागांचा लुमिर

लिंकन, नेब्रास्का
१० जुलै १९७७

प्रिय आत्या,

गुडघ्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ते जास्तच दुखताहेत. दुकानातली पोती स्वतः उचलू नकोस. लादा खाटकाला हाक मार. दिवसभर तुझ्या काउंटरला टेकून फुकटच्या गप्पा मारतो, तर तेवढं काम करेल.

त्याने विचारलंय, लुमिर यंदा कुठल्या जागेवर खेळतो? त्याला सांग, ज्या जागेवरचा माणूस लंगडतोय त्या जागेवर. सोमवारी दुसऱ्या बेसवर होतो, मंगळवारी डाव्या मैदानात. बुधवारी आमचा कॅचर गस टेडेस्को याच्या बोटाला लागलं, म्हणून तोंडावर जाळी बांधून मी त्याच्या जागी उकिडवा बसलो. गुरुवारी सगळे धडधाकट होते, म्हणून मी बाकावर. अकरा वर्षांत सात गावं झाली. माझ्या पिशवीत चार प्रकारचे हातमोजे आहेत, आणि जागा एकही माझी नाही.

आमचे मालक हार्लन प्रुइट जुने ट्रॅक्टर विकतात. हा संघ त्यांना एका ट्रॅक्टरच्या सौद्यात वर घातलेला मिळाला असं म्हणतात. प्रेक्षक यावेत म्हणून दर शनिवारी त्यांना काहीतरी सुचतं. डुकरांची शर्यत झाली. मैदानावर एक लग्नही लावून झालं, पण नवरी चौथ्या इनिंगमध्येच निघून गेली. आता त्यांना मी सुचलोय. २७ ऑगस्टला मी एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळणार, दर इनिंगला नवी जागा. पोस्टरवर मला नऊ हात काढलेत. बघून एक लहान मूल रडलं.

ही काही मोठी बातमी नाही. गावात सांगत बसू नकोस.

तुझा,
लुमिर

*

नवी ल्होता
२४ जुलै १९७७

लुमिर,

आशीर्वाद आहेतच, सोबत एक रट्टाही घे. एवढी बातमी कुणी पत्राच्या शेपटाला लिहितं का?

मी गावात कुणालाही सांगितलं नाही. दुकानात पत्र मोठ्याने वाचत होते एवढंच. लादा तिथे होता, त्यात माझा काय दोष? संध्याकाळपर्यंत समिती झाली. तिला एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि तीन चिटणीस आहेत. साधा सभासद एकही नाही, कारण कुणी व्हायलाच तयार नाही. शाळेची पिवळी बस ठरली. लादा आपला अकॉर्डियन घेऊन येणार आहे, तो नको म्हणून कितीही सांगितलं तरी. फादर मारेक यांनी शनिवारची पापकबुली शुक्रवारी घ्यायचं ठरवलंय, म्हणजे बसमध्ये जी काही पापं होतील ती आठवडाभर अंगावर वागवायची.

मी माझा ट्रान्झिस्टर घेऊन येणार. गाव हसतं मला, ही बाई चर्चमध्येसुद्धा कानाला रेडिओ लावून बसते म्हणून. हसू देत. वादळ आलं तर मला कळायला नको? मागे शेडमध्ये सहाशे पिल्लं आहेत. अंधार पडल्यावर ट्रान्झिस्टरवर पार सेंट लुईससुद्धा खणखणीत लागतं. फक्त आपल्या गावचं हवामान लागत नाही.

गुडघ्यांबद्दल: ते माझे आहेत, त्यांचं मी बघते. तुझ्या बापाचं दुकान तुझं आहे. त्याचं तू कधी बघणार?

तुझी आत्या,
रोझी

*

लिंकन
१२ ऑगस्ट १९७७

प्रिय आत्या,

हात जोडतो, येऊ नका.

हा खेळ नाही, जत्रेतला तमाशा आहे. माझ्या आधी गाई दोहण्याची स्पर्धा आहे, माझ्यानंतर फटाके. प्रुइटसाहेबांनी काल मला विचारलं, पिचरच्या जागेवर डोळे बांधून चेंडू टाकशील का? मी नाही म्हटलं, तर फलंदाजाचे बांधू का म्हणाले.

दुकानाबद्दल तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर पत्रात टाळतो. आज खरं सांगतो. मला एकदाच वरच्या लीगमध्ये जायचंय. एका रात्रीपुरतं. त्या मैदानावर एकदा पाय ठेवला, की दुसऱ्या दिवशी मी पोती उचलायला हजर. पण अकरा वर्षं घराबाहेर राहून, वर एकदाही न जाता परत आलो, तर लादाच्या तोंडाकडे रोज कसा बघू? आणि लादाचं सोड. बाबा जाताना मला काय म्हणाले होते, तू तिथेच उभी होतीस.

तेव्हा या सर्कशीसाठी तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊ नका. मी वर गेलो, तर तेव्हा या.

लुमिर

*

लिंकन, २८ ऑगस्ट १९७७
लुमिर हावेल्का यास, त्याच्या कपाटात ठेवण्यासाठी

लुमिर,

काल दुपारी वरच्या संघाचे दोघे एकाच चेंडूमागे धावून एकमेकांवर आदळले, त्यांना एका रात्रीपुरता माणूस हवा झाला, आणि तू माझा निरोपही न घेता सेंट लुईसच्या विमानात बसलास. अभिनंदन. माझ्या हातात तेव्हा विकलेली तिकिटं होती, नऊ रिकाम्या जागा होत्या, आणि तुझ्या गावची बस रस्त्यात होती.

मी गस टेडेस्कोला तुझा शर्ट घातला. मिशी भादरली. ती त्याच्या बायकोची आवडती होती, तेव्हा तिला फुलं तू पाठव. अंगाने तुम्ही सारखेच आहात, आणि वरच्या बाकांवरून सगळे खेळाडू सारखेच दिसतात. नऊ जागा झाल्या. तुझ्या लोकांनी नऊ वेळा उभं राहून आरडाओरडा केला. कुणालाही काडीचा संशय आला नाही. सामना संपल्यावर ते भेटायला आले, तर मी सांगितलं, गडी पार थकलाय, तोंडावर बर्फ ठेवून पडलाय.

एकच घोटाळा झाला. गसने होम रन मारला. मी त्याला बजावलं होतं, हावेल्कासारखा खेळ म्हणून. पण चेंडू लागला त्याला काय करणार.

वरून कळलं की त्यांचं तुझ्याकडचं काम संपलं, सोमवारी तू परत येतोयस. ही गोष्ट आपल्यातच राहू दे. तुझ्या गावची म्हातारी माणसं आनंदाने रडत होती. ती गससाठी रडली, हे त्यांना सांगायची तुझी छाती होईल का? शिवाय लोक तिकिटांचे पैसे मागतील.

हा. प्रुइट

*

नवी ल्होता
२९ ऑगस्ट १९७७

लुमिर,

गावाला अजून जमिनीवर उतरता आलेलं नाही.

येताना लादा बसमध्ये उभा राहून तुझ्या नऊ जागांची नऊ गाणी वाजवत होता. सात त्याला येत नव्हती. तुझा होम रन तर रोज वाढतोय. शनिवारी तो कुंपणाबाहेर पडला, रविवारी चर्चनंतर वाहनतळाच्या पलीकडे, आज सकाळी कुणीतरी तो नदीत पडल्याचं सांगत होतं. फादर मारेक प्रवचनात म्हणाले, देवाच्या घरी पुष्कळ जागा आहेत, आणि आपल्या लुमिरने त्यांपैकी नऊ बघितल्या.

मी सामन्याआधी तुझ्यासाठी गोड सारणाच्या कोलाचे पावांची टोपली आत पाठवली होती. लांबून बघत होते. आलुबुखाराचे सहा एकामागोमाग एक खाल्लेस, खसखशीचे तसेच परत पाठवलेस. भूक चांगली आहे, बघून बरं वाटलं.

शेवटच्या इनिंगला माझं जरा हसं झालं. मैदानात काहीच चाललं नव्हतं, पंच बूट बांधत होता, आणि मी एकदम उभी राहून टाळ्या वाजवायला लागले. लादा म्हणाला, "काय ग रोझी, पंचाच्या बुटाला टाळ्या?" मी म्हटलं, डास होता. वय झालं, दुसरं काय.

शेवटी तू लांबून टॉवेल हलवलास. भेटला असतास तर बरं झालं असतं.

कसं वाटलं तुला त्या रात्री? सविस्तर लिही.

आत्या

*

लिंकन
४ सप्टेंबर १९७७

प्रिय आत्या,

तुम्ही सगळे आलात, फार छान वाटलं. भेटता आलं नाही, कारण तोंडावर बर्फ होता.

त्या रात्रीबद्दल काय लिहू? एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात होतो. इनिंग संपली की दुसरी सुरू होत होती. होम रन माझ्याकडून चुकून झाला, त्याचा इतका बोभाटा करू नका. तो नदीत पडला नाही. लिंकनच्या मैदानाजवळ नदी नाही हे लादाला सांग.

आलुबुखाराचे कोलाचे उत्तम झाले होते.

लादाच्या अकॉर्डियनने मला फार हुरूप आला. सगळ्यांचे आभार मान. गेल्या आठवड्यात बाकी काही विशेष घडलं नाही.

लुमिर

*

नवी ल्होता
१८ सप्टेंबर १९७७

लुमिर,

ठीक आहे. काही विशेष घडलं नाही.

सोबत पेपरचं कात्रण पाठवते. सेंट लुईसच्या त्याच रात्रीच्या सामन्याचा तक्ता आहे, पाहुण्या संघाच्या यादीत सगळ्यात खाली बघ. 'हावेल्का, बदली धावपटू.' फटका नाही, धाव नाही, पुढे सगळी शून्यं. दुकानात यावर दोन दिवस खल झाला. कुणीतरी म्हणालं, आपला लुमिर तर नव्हे? लादा खवळला. म्हणाला, "आपला लुमिर त्या रात्री लिंकनला होता, मी या दोन डोळ्यांनी बघितला! हा सीडर रॅपिड्सच्या हावेल्कांपैकी कुणीतरी असणार. त्यांच्या घराण्यात सगळे असेच, पळायला पुढे आणि हातात काही नाही." मग सगळ्यांना पटलं. तुझ्या ओळखीत आहे का हा माणूस?

आता खरी बातमी. समितीने गावच्या सोकोल हॉलमध्ये पितळी पाटी लावायचं ठरवलंय, तुझ्या नऊ जागांची. अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी. हंस भाजायचा आहे. फादर मारेक पाटीवर पवित्र पाणी शिंपडणार, आणि मग तू उभा राहून सगळ्यांसमोर ती रात्र सांगायचीस. खेळाचा हंगाम तेव्हा संपलेला असेल, तेव्हा सबब चालणार नाही.

आत्या

*

लिंकन
२ ऑक्टोबर १९७७

प्रिय आत्या,

कात्रण बघितलं. माझ्या ओळखीत आहे तो माणूस, थोडाफार.

ऐकलंय ते असं. शेवटच्या इनिंगला तिसऱ्या बेसवर याच्या संघाचा एक माणूस होता, आणि पहिल्या बेसवर एक फार जाडा, त्याच्या जागी धावायला याला पाठवलं. मैदान माणसांनी भरलेलं, पण सगळे घरच्या संघाचे. याचं नाव पुकारलं तेव्हा कुणी मान वर केली नाही. मग फलंदाजाने चेंडू जमिनीवरून सरळ दुसऱ्या बेसकडे मारला. एक आधीच बाद होता, म्हणजे एका झटक्यात आणखी दोघे बाद, इनिंग संपली, सामना गेला. याला माहीत होतं की आपण बाद होणार. तरी असा काही घसरत गेला की दुसऱ्या बेसवरच्या माणसाचे पाय उखडले, पहिल्या बेसकडे जाणारा चेंडू भलतीकडे गेला, फलंदाज वाचला आणि तिसऱ्यावरचा माणूस घरच्या बेसवर पोचला, धाव झाली. बरोबरी झाली. मग दहाव्या इनिंगला हरले ते वेगळं.

तक्त्यात याचं काही लागत नाही. बाद तो बाद. संघातल्या एकाने पाठीवर थाप मारली, आणि नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी घरी पाठवला. असं ऐकलं.

पाटीच्या समारंभाला मला येता येणार नाही. हिवाळ्यात मेक्सिकोत खेळायचं घाटतंय. शिवाय दात दुखतोय. आणि आत्या, मी बराच विचार केला, दुकान विकून टाक. लादाचा भाचा घेईल. मला आता गावात राहणं जमेलसं वाटत नाही. का ते विचारू नकोस. तुझ्या गुडघ्यांसाठी मी दर महिन्याला काहीतरी पाठवत जाईन.

लुमिर

*

नवी ल्होता
१४ ऑक्टोबर १९७७

गाढवा,

मी वाट बघत होते, तू स्वतः कधी बोलतोस याची. पण तू माझं दुकान विकायला निघालास, तेव्हा आता मीच बोलते.

तू आठ वर्षांचा असल्यापासून तुला मी वाढवलंय. आलुबुखार दिसला की तू टेबलाखाली जाऊन बसायचास. तुझ्या आईच्या दफनानंतरच्या जेवणाला तू खाल्लेला एक आलुबुखार फादरांच्या बुटांवर परत आला होता. आणि मी बघते तर तू सहा खातोयस! मग तो पळाला. तू पळताना डावं कोपर अंगाला चिकटवतोस, लहानपणी झाडावरून पडलास तेव्हापासून. हा बाबा दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत होता. मला वाटलं, माझ्या पोराला काहीतरी झालंय आणि हे लोक लपवताहेत. चार इनिंग मी जपमाळ ओढत बसले. बाजूला गाव नाचत होतं.

काळोख झाला. उत्तरेकडे विजा दिसल्या, म्हणून पिल्लांच्या काळजीने मी ट्रान्झिस्टर कानाला लावला. हवामान लागेना. सेंट लुईस लागलं. तिकडेही बेसबॉलच. बंद करणार होते, तेवढ्यात रेडिओवाला म्हणाला, "जाड्याच्या जागी धावायला येतोय हावेल्का, अकरा वर्षं खालच्या लीगमध्ये घालवलेला, आज पहिल्यांदाच वर."

लुमिर, माझ्यासमोर तुझ्या नावाचा शर्ट घालून एक अनोळखी माणूस उभा होता, आणि कानात तू होतास. त्यानंतर रेडिओवाल्याने गवत कापायच्या यंत्राची जाहिरात लावली. जाहिरात संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग चेंडू मारला, तू पळालास, आणि रेडिओवाला ओरडला, "अरे, काय घसरला हा! मंडळी, याला म्हणतात खेळणं! हे उद्या कुठल्या पेपरात सापडणार नाही, पण ही धाव या हावेल्काची!" अगदी या शब्दांत.

तेव्हा मी उभी राहिले. डास नव्हता. हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तुझा बाप असता तर त्यानेही वाजवल्या असत्या. मरताना तो तुला म्हणाला होता, "एकदा वर जाऊन ये." वर जाऊन रहा असं म्हणाला नव्हता. तू जाऊन आलास. आता ये.

आधी का बोलले नाही? मला राग आला होता. अकरा वर्षं ज्या रात्रीसाठी तू माझ्या दुकानाला रडवलंस, ती आल्यावर म्हणतोस, काही विशेष घडलं नाही. माझ्यापासून लपवतोस! पण तुझं मागचं पत्र वाचल्यावर माझा राग गेला. तो सीडर रॅपिड्सचा माणूस मला फार आवडला.

आता पाटीचं. गावाला काही सांगायचं नाही. सांगितलंस तरी लादा तुलाच खोटा ठरवेल, दोन डोळ्यांनी बघितलंय त्याने. तुला फादरांसमोर खोटं बोलायला नको. मी त्यांना सांगितलंय, पोरगा लाजरा आहे, फक्त आलेल्यांचे आभार मानेल. ते तर तू मनापासून मानू शकतोस, तीन तास हाडं खिळखिळी करून आले होते बिचारे. आणि तुझ्या शर्टातल्या त्या माणसाला, बायको असेल तर तिच्यासकट, घेऊन ये. पाटीवरचं सगळं काम त्याचंच आहे, हंसाची तंगडी त्यालाच वाढीन. तुम्ही दोघे शेजारी शेजारी उभे राहिलात तरी आमच्या समितीला काही कळणार नाही, खात्री बाळग.

दुकान विकलेलं नाही. विकणार नाही.

रोझी आत्या

*

लिंकन
२० ऑक्टोबर १९७७

आत्या,

मेक्सिकोला नाही म्हटलं. दात दुखत नव्हता. माझ्या शर्टातला माणूस म्हणजे आमचा कॅचर गस. त्याला विचारलं, तो येतोय. मिशी पुन्हा आली आहे, बायको त्याच्याशी बोलायला लागली आहे.

त्या रात्री घसरून उठल्यावर मी कपडे झटकत बाकाकडे परत चाललो होतो. एवढं मोठं मैदान, आणि सगळं गप्प. घरच्या संघाचं नुकसान झालेलं, माझ्यासाठी कोण टाळी वाजवणार? मी मान खाली घालून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, झालं ते झालं, पण कुणी बघितलं नाही. दोन महिने तेच म्हणतोय. आणि त्याच वेळी तू लिंकनला उभी होतीस.

दहा तारखेला संध्याकाळी पोचतो. पोती तशीच राहू देत, हात लावू नकोस. आलुबुखाराचे गससाठी कर, हवे तेवढे. माझ्यासाठी खसखशीचे.

लुमिर